ड्रॅगनचे पुढचे पाय

रविवारी ताईकडे जेवायला गेले होते. ईशानच्या ताटात कोंबडीचा पंख आला होता आणि खायचं सोडून तो त्याची तपासणी करत बसला होता. आधी एक जाड हाड, मग जोडीने दोन हाडं, मग टोकाचा तो बारीक तुकडा, जो ताटात तसाच उरतो. त्याने पंख ताणून सरळ केला, परत दुमडला, मग स्वतःचा हात कोपरात दुमडून बघितला. ‘‘मावशी, हा हात आहे!’’ मी हो म्हटलं. डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढून देण्याचं काम मी करते, त्यामुळे हाडांच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. बाकी कशाच्याच बाबतीत नाही. ‘‘सगळ्या पक्ष्यांचा?’’ सगळ्या. ‘‘वटवाघळाचा पण?’’ त्याचाही, त्याची बोटं लांबलचक झालेली असतात आणि त्यांच्यामध्ये कातडं ताणलेलं असतं. तो उठला, हात धुतल्यासारखं केलं आणि आतून एक दोनशे पानी वही घेऊन आला. वहीच्या मधल्या जोडपानावर एक ड्रॅगन पसरला होता. खवले एकेक करून काढलेले, शेपटीला भाल्याचं टोक, पाठीवर दोन पंख आणि खाली चार पाय. ईशानने पेन्सिलच्या टोकाने मोजलं. ‘‘मग याचे सहा होतात,’’ असं म्हणून त्याने खोडरबर घेतलं आणि पुढचे दोन्ही पाय खोडून टाकले.

पुढच्या पायांची नखं त्याने पेन्सिल दाबून काढलेली होती, त्यामुळे शिसं गेलं तरी खाच कागदात राहिली. त्याने रबराचा कचरा फुंकला, पंखांना कोपर काढलं आणि परत ताटावर येऊन बसला. त्याला काहीच वाटलं नाही. वाटलं ते मला. दुसऱ्या दिवशी मनगटाच्या आठ हाडांची आकृती करत होते, तर डोळ्यांपुढे सारखी ती खाच. आयुष्यभर ज्या बाईने हाड जिथल्या तिथे असावं म्हणून संपादकांशी भांडणं केली, तिला एका मुलाने शरीरशास्त्र पाळलं याचं वाईट का वाटावं, हे काही केल्या कळेना.

तो बरोबरच होता म्हणा. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये चार हातपायांची पद्धत सुमारे ३६-३७ कोटी वर्षांपूर्वी, मासे पाण्याच्या काठाशी लुडबुड करायला लागले तेव्हा पडली, आणि ती पुढे कुणीही मोडलेली नाही. सापांनी पाय टाकून दिले, देवमाशांनी मागचे पाय जवळपास मोडीत काढले, पण जास्तीची जोडी कुणाला मिळाली नाही. ज्याला उडायचं त्याने हात द्यायचा. पक्ष्यांनी अख्खा हात पिसांना दिला. वटवाघळांनी बोटं दिली. डायनोसॉरांच्या काळातल्या टेरोसॉरांनी तर एकच बोट दिलं, चौथं. ते बाकीच्या बोटांच्या कितीतरी पट लांब वाढलं आणि त्यावर पंखाचं कातडं तोललं गेलं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक म्हणजे क्वेत्झालकोॲटलस. पंख पसरले की दहा-एक मीटर, उभा राहिला की जिराफाच्या उंचीचा, आणि जमिनीवर पंख मिटून, त्याच हातांवर भार देऊन चार पायांनी चालणारा. म्हणजे पुढचे पाय खोडलेला ड्रॅगन या पृथ्वीवर जवळपास होऊन गेलेला आहे. सहा पाय आणि वर पंख हवेच असतील, तर ती सोय फक्त किड्यांकडे. पण झुरळाच्या धर्तीवर ड्रॅगन काढायला ईशान तयार नव्हता, आणि मीही नाही.

ही वही त्याच्या देशाची आहे. देशाचं नाव काहीतरी इंग्रजी वळणाचं आहे, ते दर महिन्याला बदलतं. नकाशा मात्र पक्का. उत्तरेला बर्फाचे डोंगर, त्याखाली सूचिपर्णी झाडांचं रान, मधे दगडी किल्ला, किल्ल्याखाली खानावळ, तिथे लाकडी पेल्यातून काहीतरी फेसाळ पितात (‘‘ताक का?’’ असं मी विचारलं, तर माझ्याकडे बघितलंदेखील नाही). दक्षिणेला दलदल आणि त्यात डायनोसॉर. डायनोसॉरांवर स्वारी करणारी एक जमात आहे. ड्रॅगन वरच्या डोंगरात सोन्याच्या ढिगावर झोपतात. मुलगा राहतो पुण्यात, कर्वेनगरला. चार महिने त्याच्या खिडकीला शेवाळ धरतं, दप्तराला कुबट वास येतो, आणि त्याच्या देशात पाऊस नावाची गोष्ट नाही. वही उलटून पाहिली. एका पानावर धुकं होतं, बाकी सगळीकडे बर्फ.

बर्फ त्याने अजून फ्रीजमध्येच पाहिलाय.

त्याला हसणं सोपं आहे, पण त्याच्या वयात माझाही एक देश होता आणि तो मी वहीत उतरवायचा आळस केला एवढंच. आम्ही तेव्हा लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला राहायचो. संध्याकाळी आजोबा टेकडीवर न्यायचे, आणि वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीपाशी आलं की मी अडून बसायची. सरळ कापलेल्या काळ्या भिंती, तळाशी हिरवट पाणी, पाण्यावर भिंतींची उलटी सावली. भिंतीत आडव्या रेघा दिसायच्या, चिरोट्याच्या पदरांसारख्या. माझी खात्री होती की प्रत्येक पदरात एकेक जनावर झोपलेलं आहे. सगळ्यात खालचं सगळ्यात म्हातारं. त्याला डोळे नव्हते, कारण अंधारात डोळे काय करायचे आहेत? एप्रिलमध्ये दगड तापले की ते कूस बदलतं आणि म्हणून खडे घरंगळतात, असं मी धाकट्या चुलतभावाला सांगितलं होतं. तो बिचारा नंतर टेकडीवर यायलाच तयार होईना. घरी माझी झडती झाली. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण केलेलं जनावर दुसऱ्याच्या अंगावर काटा आणू शकतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं सुख खाल्लेल्या बोलण्यांपेक्षा मोठं होतं.

पुढे शाळेत दख्खनचं पठार शिकलो आणि माझी जनावरं बेघर झाली. तो दगड म्हणजे लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरावर थर ओतला गेला, आजही त्याने जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे, आणि घाटमाथ्याकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. अशा दगडात हाड राहत नाही. लाव्हाच्या दोन लोटांच्या मधे जिथे तळी साचली, तिथल्या गाळात काय ते अवशेष मिळतात. तशी नशीबवान जागा मुंबईला वरळीला निघाली. तिथले बेडूक तर १८४७ मध्येच शास्त्रीय नाव घेऊन बसले. मुंबईला बेडूक मिळावेत आणि पुण्याच्या वाट्याला नुसता कातळ यावा, हे एका पुणेकर मुलीला किती लागलं असेल ते मुंबईकरांना नाही कळायचं.

घाटात रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या थरांच्या मधे कधीकधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. ती त्या काळची माती. एक लोट येऊन गेला, दगड थंड झाला, त्याची झीज होऊन माती झाली, काहीबाही उगवलं असेल, आणि वरून पुढचा लोट आला, त्याने ती भाजून काढली. लहानपणी हे माहीत असतं, तर मी जनावरांना काळ्या थरातून उठवून त्या तांबड्या पट्ट्यात हलवलं असतं. दोन आगींच्या मधल्या सुट्टीत राहणारी जनावरं! सोन्याच्या ढिगाचाही प्रश्न इथे उद्भवत नाही. या लाव्हात जे वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. पाषाणच्या खाणीतले हिरवे ॲपोफायलाइट आणि वाघोलीचे निळेजर्द कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात. आमच्या एका ओळखीच्यांच्या शोकेसमध्ये पांढऱ्या स्फटिकांच्या गादीवर बसलेला एक निळा गोंडा आहे, नखाएवढा. इतका निळा, की बघणारा आधी विचारतो, रंग दिलाय का? पुणेरी ड्रॅगन त्यावर बसेल. सोनं काय, लक्ष्मी रोडला रांगेने मिळतं.

आणि प्राचीन प्राणी पुण्यात नव्हता असं तरी कसं म्हणायचं? तो रोज आमच्या देवघरात होता. आजीच्या शाळिग्रामाला एक बाजूने भोक होतं, आत बोट घातलं की वळत जाणारी कंगोऱ्यांची भिंत लागायची. हिमालय उभा राहण्याच्या कितीतरी आधी तिथे टेथिस समुद्र होता, त्यात तरंगणाऱ्या ॲमोनाइट नावाच्या प्राण्याचं ते घर. शंखाचे आतून कप्पे केलेले, एकामागून एक. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राहायचा आणि मागच्या कप्प्यांत वायू भरून तरंगायचा. नावेत बसून राहावं आणि नाव आपल्याच अंगातून वाढत जावी! डायनोसॉर जमिनीवर फिरत होते तेव्हा हा पाण्यात होता. त्याला गंडकी नदीने वर काढलं, कुणा यात्रेकरूने पुण्याला आणलं, आणि आजी त्याला ताम्हनात घेऊन पळीने पाणी घालायची, पुसायची, तुळशीचं पान ठेवायची. हा प्राणी होता हे नंतर कळलं तेव्हा मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले. ती म्हणाली, ‘‘मग त्याला अंघोळ आवडत असणार.’’ आणि पुढच्या देवाकडे वळली.

ईशानच्या देशातल्या जनावरांना नेमकी हीच गोष्ट नव्हती. त्यांना कुणी अंघोळ घालत नव्हतं, त्यांना काही आवडत नव्हतं, ती फक्त लढत होती. प्रत्येकाच्या नावापुढे ताकदीचे गुण, आगीचे गुण, वेगाचे गुण. पान भरून गुणपत्रिका. मी त्याला विचारलं, हा खातो काय? ‘‘माणसं.’’ रोज? ‘‘रोज.’’ मग तुझ्या किल्ल्यात माणसं किती? त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि वही मिटली.

तेव्हा मी त्याला पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ हे गाव आहे, आणि तिथे दगड झालेलं डायनोसॉरांचं शेण मिळतं. शेणच, लेंडी म्हणा हवं तर. ती दळून, विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर काय निघालं? गवत. गवताच्या पेशींत वाळूसारखी जी सिलिकेची सूक्ष्म कणी तयार होते ती कुजत नाही, आणि प्रत्येक जातीच्या गवताची कणी वेगळ्या आकाराची असते. तोवर सगळे धरून चालले होते की गवत बोकाळलं ते डायनोसॉर गेल्यानंतर. चित्रांत त्यांच्या पायाखाली नेचे काढायचे, गवत काढलंत की तुम्ही अडाणी. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध छापला, आणि तांदूळ-बांबूच्या दूरच्या नात्यातलं गवत लांब मानेच्या डायनोसॉरांच्या पोटात सापडलं. जगातल्या चित्रकारांना आपली हिरवळ बदलावी लागली ती वऱ्हाडाच्या पलीकडल्या एका गावच्या शेणामुळे. ईशान इतका हसला की ताई आतून बघायला आली. पण दुसऱ्या दिवशी दलदलीतल्या डायनोसॉरांच्या पायाशी गवत उगवलेलं होतं.

मग मी त्याला सापाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी आवाज खाली आणलाय. गुजरातमधल्या ढोली डुंगरी गावाजवळ भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनोसॉरची अंडी मिळाली, १९८० च्या दशकात. गोल, नारळाएवढी अंडी आणि शेजारी बारीक हाडं. ती पिल्लाची असणार असं वाटलं. बरीच वर्षं दगड तसाच राहिला. २००१ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला आणि त्यातले मणके त्यांना सापाचे दिसले. दगड नीट साफ केल्यावर चित्र उघडलं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून एक साप, साडेतीन मीटर लांबीचा, डोकं वेटोळ्यावर टेकलेलं. आणि बाजूला नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, जेमतेम अर्धा मीटर. सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता, त्यामुळे अख्खं अंडं त्याला गिळता आलं नसतं. तो पिल्लाची वाट बघत होता. त्या क्षणी वरून गाळाचा लोट आला असावा, बहुधा वादळी पावसात, आणि तिघांचंही जे चाललं होतं ते तिथेच राहिलं. २०१० मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, सानाजे इंडिकस. त्या पिल्लाची आई वाढून कित्येक टनांची होत असणार. पण गोष्टीत ती कुठेच नाही, आणि गोष्टीचा सगळा जीव नारळाएवढ्या जागेत.

‘‘पिल्लू वाचलं असतं का?’’ ईशानने विचारलं. मी म्हटलं, पाऊस जरा उशिरा आला असता तर नक्कीच नाही. त्याला हे उत्तर अन्यायाचं वाटलं. त्याच्या देशात पिल्लं वाचतात, तसा नियमच आहे.

सोमवार पेठेत नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ मध्ये सुरू होऊन १७७० मध्ये पुरं झालेलं, काळ्या दगडाचं. आत गणपती मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. बाहेरच्या दर्शनी भिंतीवर कमरेच्या उंचीला एक पट्टी आहे, तिथे गोरे शिपाई एका एकशिंगी गेंड्याला साखळीने जखडताहेत. इंग्रजांनी बंगाल घेतल्याचं ते रूपक असावं असं अभ्यासक सांगतात. माझा जीव त्या पाथरवटात अडकतो. पुण्यातल्या कारागिराने गेंडा पाहिलेला असण्याची शक्यता किती? कुणीतरी सांगितलं असेल, किंवा कुठलं तरी चित्र दाखवलं असेल. युरोपात १५१५ साली हेच झालं होतं. गुजरातच्या सुलतानाकडून निघालेला एक गेंडा लिस्बनला पोचला, आणि जर्मनीत बसलेल्या ड्युरर या चित्रकाराने तो न पाहता, केवळ वर्णन आणि एका रेखाटनावरून काढला. अंगावर चिलखताचे पत्रे, मानेमागे एक जास्तीचं शिंग. ते चित्र पुढे किती तरी काळ लोकांना खरा गेंडा वाटत राहिलं. खरं जनावर दुरून आलं की त्याचा ड्रॅगन होतो.

आणि शरभ? सिंहालाही भारी पडणारा तो पुराणातला प्राणी, ज्याचं रूप घेऊन शंकराने नरसिंहाला शांत केलं म्हणतात. ग्रंथांत त्याला आठ पाय दिलेत. आपल्या गडांच्या दरवाज्यांवर तो असतो, पंज्यांत आणि शेपटीत चिमुकले हत्ती पकडून. मी पाहिलेल्या शरभांना चारच पाय. मान वाकडी करून, पायऱ्यांवर लोकांची वाट अडवून मी मोजलेत. हत्ती चार-चार, पाय चारच. पोथी सांगणाऱ्याचं काय जातं, तो आठ म्हणून मोकळा. ज्याला दगड फोडून ते जनावर दरवाज्यावर उभं करायचंय त्याला त्याचा भार कुठे पडतो ते बघावं लागतं. कुणीतरी छिन्नी हातात घेऊन ईशानसारखंच ठरवलेलं आहे, की हे चार राहू देत, ते चार काढा. मला कधी त्या शरभात काही कमी वाटलं नाही. मग वहीतल्या खाचेचं एवढं काय?

पण वाटत राहिलं हे खरं. बहुधा असं असावं, की पाथरवटाने पाय काढले ते जनावर उभं राहावं म्हणून, आणि ईशानने काढले ते गुण जातील म्हणून. शाळेच्या पेपरात चुकीचं उत्तर खोडतात तसा त्याचा हात फिरला होता.

म्हणून पुढच्या भेटीत मी त्याच्यासाठी एक चित्र करून नेलं. उडता सरडा. केरळ-कर्नाटकापासून गोव्यापर्यंतच्या सह्याद्रीत उंच झाडांवर असतो, बोटभर अंगाचा, सालीच्या रंगाचा; नराच्या गळ्याखाली पिवळी पताका. त्याचं शास्त्रीय नावच ड्रॅको. त्याला चार पाय आहेत, नीट बोटं-नखं असलेले, आणि वर दोन पंखही. हात न देता त्याने पंख कुठून आणले? बरगड्यांतून. काही बरगड्या लांब होऊन कुशीबाहेर आल्या, त्यांवर कातडं. हवं तेव्हा छत्री उघडावी तसं उघडायचं आणि या झाडावरून त्या झाडावर जायचं. मी बरगड्या लाल शाईने मोजून काढल्या होत्या. ‘‘बघ, तुझे पुढचे पाय परत मिळतात.’’ त्याने चित्र बराच वेळ बघितलं. बरगड्यांवरून बोट फिरवलं, स्वतःची कूस दाबून बघितली. आणि म्हणाला, ‘‘पण मावशी, हा उडत नाही. हा नीट पडतो.’’

यावर काय बोलणार? बरगडी हलवून पंख मारता येत नाही. त्याला छातीचा स्नायू लागतो, आणि तो खांद्याला जोडलेला. मुलाला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन पायांचा ड्रॅगन राहिला. मीही मग तो विषय सोडला, कारण तेवढ्यात त्याला एक वेगळीच अडचण दिसली होती: याच्या देशात पाऊस आला तर?

ती अडचण माझीच कामगिरी. मी त्याला म्हटलं होतं, बर्फाचे डोंगर राहू देत, पण एकदा त्या ड्रॅगनला ताम्हिणीत आणून बघ, आषाढात. दिवस-रात्र धार, दरीतून वर येणारं धुकं, पायाखाली खेकडे. आग लागणार कशी? लाकूड ओलं, गवत ओलं, ड्रॅगनच्या घशात दमट हवा. आम्ही दोघं मिळून त्याचा पावसाळा लावत गेलो. जूनमध्ये तो गुहेत शिरतो. आग निघत नाही, नुसता धूर, आणि धुराने खोकला. पंखांच्या दुमडीत बुरशी धरते, ती तो कातळावर घासून काढतो, म्हणून गुहेच्या तोंडाशी दगड गुळगुळीत झालाय. पिल्लांना आग येतच नाही पहिला पावसाळा सरेपर्यंत. ऊन पडलं की दोन दिवस पंख पसरून नुसतं बसायचं. आणि दसऱ्याला पहिलं उड्डाण. दसरा ईशानने घातला. सीमोल्लंघन आहे ना, म्हणाला.

खाण्याचा प्रश्न सुटला तो धनगरांमुळे. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप देशावरून घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर परत वर चढतात. म्हणजे ड्रॅगनचा घास वर्षातून दोनदा आपल्या पायांनी त्याच्या दारावरून जातो. मधल्या महिन्यांचं काय? कोमोडो बेटावरची घोरपड महिन्याकाठी एखाद्या मोठ्या जेवणावरही निभावते, थंड रक्ताच्या प्राण्याचा प्रपंच स्वस्तातला. आमचा ड्रॅगन थंड रक्ताचा ठरला. वहीत गुणपत्रिकेच्या जागी आता महिन्यांची यादी आहे.

आणि मग जुन्नर आलं. ते येणारच होतं, कारण ईशानचे दुसरे आजोबा तिकडचे. जुन्नर-आंबेगाव-शिरूरकडे बिबटे उसात राहतात, उसातच वितात. तोडणीच्या वेळी सरीत बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवतात आणि आई रात्री येऊन एकेक घेऊन जाते. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. हे ऐकायला गोष्टीसारखं आहे, तिथे राहणाऱ्याला नाही. ईशानचे आजोबा दिवेलागणीनंतर गोठ्यात जाताना घुंगरांची काठी आपटत जातात, आणि वस्तीवरल्या मुलांना अंधार पडायच्या आत घरात घेतलेलं असतं. माणसंही गेली आहेत तिकडे, लहान मुलं गेली आहेत. तलवार घेऊन बिबट्याला भिडणारा वीर कुणी पाहिलेला नाही. शेळी गेली की फोन जातो, पिंजरा येतो, पंचनामा होतो, कागद वर जातात, भरपाई यायची तेव्हा येते. आजोबा बिबट्याला शिव्या देतात, आणि उसाच्या कडेला पाठमोरा दिसला होता तेव्हाचं त्याचं चालणं सांगायला लागले की त्यांना शब्द पुरत नाहीत. दोन्ही एकाच बैठकीत. ड्रॅगनबद्दल मी आजवर जे काही वाचलं, त्यात ही दोन्ही एका माणसाच्या तोंडून एकत्र क्वचितच ऐकायला मिळाली.

ईशानने आजोबांना फोन लावला आणि पंचनाम्यात काय काय लिहितात ते विचारून घेतलं. जनावराचा प्रकार, वय, मालकाचं नाव, पंच दोन, जखमा कुठे, ठसे कुणाचे. त्याच्या राज्यात आता ड्रॅगनने नेलेल्या मेंढीचा पंचनामा होतो. राजाचा खजिनदार मोठा चिवट आहे. तो म्हणतो, मेंढी दरीत पडली नसेल कशावरून, शिंगं आणून दाखवा. धनगर म्हणतो, शिंगांसकट गिळली, आता कुठून आणू? तीन दिवस हे प्रकरण अडलं होतं. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. तोडगा निघाला होता. ड्रॅगनची लेंडी गोळा करायची, वाळवायची, फोडायची, आणि आत लोकर किंवा शिंगाचा तुकडा निघाला तर भरपाई मंजूर. त्यासाठी राज्यात एक अधिकारी नेमायचा, ज्याला हाडं ओळखता येतात. ते पद त्याने मला दिलंय. पगार विचारला तर म्हणाला, खजिनदाराशी बोलावं लागेल.